कोनसेट आवळला, तरी हँडलमधला ‘टक्’ परत का येतो?

स्पीडब्रेकरवर पुढचा ब्रेक हलकासा दाबला की हँडलच्या मुळाशी ‘टक्’ असा आवाज होतो. गाडी गॅरेजला नेली की मेकॅनिक वरचा नट सैल करतो, त्याखालच्या गोल खाचांच्या नटाला छिन्नी लावून दोन-चार ठोके मारतो आणि ‘कोनसेट ढिला झाला होता, आवळून दिलाय’ म्हणून गाडी परत देतो. कोनसेट म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. आवाज गेलेला असतो. थोडे दिवस बरे जातात आणि तोच आवाज परत सुरू होतो. पुन्हा गॅरेज, पुन्हा छिन्नी. असं दोन-तीनदा झालं की आवाजाच्या जोडीला नवीच तक्रार येते. हँडल अगदी सरळ असताना मधोमध अडकतं, गाडी सरळ रेषेत धरायला सारखी बारीक बारीक दुरुस्ती करावी लागते आणि हळू चालवताना गाडी डुलते.

हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि त्यावर माझं मत ठाम आहे. ज्या कोनसेटला खड्डे पडलेत तो आवळून दुरुस्त होत नाही. आवळल्याने सैलपणा काही काळ दिसेनासा होतो, पण खड्डा तिथेच राहतो आणि जास्त दाबाखाली आणखी खोल होतो. म्हणून पान्याला हात लावण्याआधी एवढं नक्की करायचं: कोनसेट नुसता ढिला आहे, खराब झालाय, की आवाज मुळात दुसरीकडूनच येतोय? तिन्हींचे इलाज वेगळे आहेत.

आत नेमकं काय बिघडतं

चेसिसच्या पुढच्या टोकाला एक तिरकी उभी नळी असते. तिच्या वरच्या आणि खालच्या तोंडात एकेक वाटी ठोकून बसवलेली असते. खालच्या टीचा, म्हणजे पुढच्या शॉकअपचे पाइप धरणाऱ्या खालच्या आडव्या क्लॅम्पचा, दांडा या नळीतून वर येतो, त्याच्यावर कोन, म्हणजे वाटीसमोर बसणाऱ्या कड्या, असतात आणि वाटी व कोन यांच्यामध्ये छर्रे. आपल्याकडच्या १००-१२५ सीसीच्या कित्येक गाड्यांत हे छर्रे सुटेच असतात. रचना जुन्या सायकलसारखीच आहे, म्हणून ज्याने कधी सायकलचा कोनसेट उघडलाय त्याला इथे अनोळखी काही वाटणार नाही.

फरक आहे तो भाराचा. चाकाचं बेअरिंग गोल गोल फिरत राहतं, त्यामुळे त्यातलं ग्रीस सगळीकडे पसरत राहतं. हँडलचं बेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवलं तरी पूर्ण फेऱ्याच्या पाव भागाएवढंच फिरतं, आणि प्रत्यक्ष रस्त्यावर तर हँडल सरळपासून जेमतेम दोन-चार अंश इकडेतिकडे होतं. म्हणजे शेकडो किलोमीटर तेच छर्रे त्याच जागेवर बसून थरथरत राहतात. त्या जागेवरचं ग्रीस दाबाने बाजूला सरतं आणि परत आत येत नाही. लोखंडावर लोखंड घासून तांबूस तपकिरी भुकटी तयार होते आणि छर्‍याच्या मापाचे खळगे पडतात. लोकांना वाटतं की एखाद्या मोठ्या खड्ड्यात चाक आदळलं आणि तेव्हाच डाग पडले. तसंही होतं, विशेषतः कोनसेट ढिला असेल तर, कारण मग प्रत्येक खड्ड्याला छर्रे हातोडीसारखे वाटीवर बसतात. पण बऱ्याच गाड्यांत नुकसान या बारीक थरथरीने हळूहळू झालेलं असतं, आणि रस्ता चांगला असला तरी ते थांबत नाही.

खालची वाटी जवळजवळ नेहमी आधी जाते. पुढच्या चाकाचा सगळा धक्का तिच्यावर येतो, ब्रेक मारताना पडणारा ताणही तिथेच बसतो, शिवाय चाकाने उडवलेलं पाणी आणि चिखल थेट तिच्या खाली येऊन लागतो. वरची उघडून ‘ग्रीस छान आहे, कोनसेट चांगला आहे’ असा निकाल कुणी दिला, तर त्याने निम्मं बेअरिंगही पाहिलेलं नाही.

तपासणी: पाच मिनिटं, एक मदतनीस

गाडी डबल स्टँडवर लावा आणि कुणाला तरी मागे बसवा किंवा मागचं हँडल खाली दाबायला सांगा, म्हणजे पुढचं चाक जमिनीवरून उचललं जाईल. डबल स्टँड नसेल तर इंजिनखाली जाड लाकडी फळी ठेवून त्यावर जॅक लावता येतो. सायलेन्सरच्या वाकड्या पाइपवर किंवा ऑइलच्या ड्रेन बोल्टवर भार येऊ देऊ नका.

आता समोर बसा. दोन्ही शॉकअपचे बॉटम, म्हणजे खालचे जाड भाग, एक्सेलजवळ हातात धरा आणि पुढे-मागे हलवा. मदतनिसाने एक बोट खालची टी आणि चेसिसची नळी यांच्या सांध्यावर ठेवावं. सैलपणा डोळ्यांना दिसण्याआधी बोटाला कळतो. तिथे हालचाल जाणवली तर कोनसेट ढिला आहे. तिथे काहीच नसेल, पण शॉकअपचा पाइप आणि बॉटम जिथे ऑइल सीलपाशी भेटतात तिथे हालचाल असेल, तर शॉकअप झिजलाय आणि कोनसेट कितीही आवळला तरी आवाज जाणार नाही. चाक वर आणि खाली धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. तिथे सैल वाटलं तर दोष चाकाच्या बेअरिंगचा.

दुसरी तपासणी याहून महत्त्वाची, आणि गॅरेजात ती सर्रास गाळली जाते. हँडलच्या टोकाला दोन बोटं लावून डावीकडून उजवीकडे अगदी सावकाश न्या. डोळे मिटले तर अधिक चांगलं. हालचाल एकसारखी असली पाहिजे. सरळ रेषेजवळ ठराविक जागी हँडल हलकंसं खाली बसल्यासारखं वाटलं, आणि तिथून निघायला किंचित जास्त जोर लागला, तर खळगे पडले आहेत. वायरिंग किंवा केबलमुळेही अडथळा येतो, पण तो रबरासारखा हळूहळू वाढत जातो, एका जागी बसत नाही. शंका असेल तर क्लच केबल आणि मीटर केबल सोडवून पुन्हा पाहा.

गाडीचा समोरून अपघात झाला असेल तर आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या. हँडल एका बाजूला मोकळं आणि दुसऱ्या बाजूला जड फिरत असेल, किंवा कितीही सेट केलं तरी एका कोनात घट्ट आणि दुसऱ्यात ढिलं वाटत असेल, तर टीचा दांडा वाकला असण्याची शक्यता मोठी आहे. तो बाहेर काढून लेथवर तपासून घ्यावा.

आवाज कोनसेटचा नसतो तेव्हा

पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे ढकलायची आणि ‘टक्’ ऐकायचं, ही पद्धत सगळ्यांना माहीत आहे. ती फसवी आहे, कारण ब्रेकमधली हालचालही अगदी तसाच आवाज करते. डिस्क असेल तर कॅलिपरमध्ये पॅड किंचित सरकतात. ड्रम असेल तर ब्रेक प्लेटची खाच शॉकअपच्या बॉटमवरच्या दांडीत अडकलेली असते. ती खाच झिजून रुंद झाली की ब्रेक लागताक्षणी प्लेट फिरून दांडीवर आपटते, आणि आवाज थेट हँडलच्या मुळातून आल्यासारखा वाटतो. जुन्या ड्रमच्या गाड्यांत हे खूप दिसतं आणि त्यापायी कित्येक चांगले कोनसेट विनाकारण बदलले जातात.

यावर सोपी युक्ती आहे. पुढचं चाक भिंतीला टेकवा, ब्रेकला हात लावू नका, आणि हँडल धरून गाडी भिंतीकडे ढकलत पुढे-मागे करा. शॉकअप आणि कोनसेटवर ताण येतो, ब्रेकवर येत नाही. आवाज आला तर कोनसेट किंवा शॉकअप. नाही आला तर ब्रेककडे वळा.

स्पीडब्रेकरवर चढताना आवाज येतो की उतरल्यानंतर चाक खाली सुटताना, हेही ऐकून ठेवा. सुटताना येणारा आवाज बहुधा शॉकअपमधल्या कमी झालेल्या ऑइलचा असतो. मडगार्डचे बोल्ट, हेडलाइटचा ब्रॅकेट आणि टाकीखालचं रबर एकदा हाताने हलवून बघा, तेवढं पुरे.

नुसता ढिला असेल तर: सेटिंग

हालचाल आहे पण खळगा नाही, अशी गाडी असेल तर आवळणं योग्य, मात्र त्यालाही पद्धत आहे. आवाज परत येण्याचं मूळ बहुतेक वेळा या पद्धतीतच असतं.

छिन्नी बाजूला ठेवा. छिन्नीच्या ठोक्याने नटाच्या खाचा फाटतात हे तर झालंच, पण खरं नुकसान म्हणजे नट किती आवळला गेला ते हाताला कळतच नाही. त्यासाठी हूक पाना, म्हणजे नटाच्या खाचेत अडकणारा पाना, मिळतो. महाग नसतो, आणि ज्याच्याकडे गाडी आहे त्याने तो घ्यावाच असं मी म्हणेन. टाकीवर जाड कापड टाका, कारण पाना सटकला की आधी टाकीच खरवडते.

सुरुवात खालच्या टीपासून. शॉकअपचे पाइप धरून ठेवणारे खालच्या टीचे दोन्ही पिंच बोल्ट सैल करा. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं खोटं ठरतं. पाइप वरच्या आणि खालच्या दोन्ही टींमध्ये घट्ट धरलेले असतील तर त्या दोन टींमधलं अंतर कायम राहतं. गोल नट फिरवला तरी खालची टी दांड्यासह वर सरकायला तयार नसते. पान्याला घट्ट लागलं म्हणून आपण थांबतो, पण छर्‍यांवर मात्र पुरेसा दाब आलेलाच नसतो. चार खड्डे खाऊन पाइप जरासा सरकला की सैलपणा पुन्हा उघडा.

मग वरच्या टीच्या मधोमध असलेला मोठा नट एक-दीड फेरा सैल करा. काही गाड्यांत तिथे पोचायला हँडलचे क्लॅम्प काढून हँडल पुढे टाकावं लागतं. आता टीखालचा गोल नट हूक पान्याने थोडासाच फिरवा. थोडासा म्हणजे घड्याळाचा तास काटा तास-दीड तासात सरकतो तेवढाच, त्याहून जास्त नाही. दर वेळी थांबून दोन्ही तपासण्या करा: बॉटम धरून पुढे-मागे, आणि हँडल टोकापासून टोकापर्यंत. सैलपणा नुकताच संपला आणि हँडल अजून मोकळं फिरतंय, तिथे थांबायचं. काही गाड्यांत एकावर एक दोन गोल नट असतात. त्यांत खालचा सेटिंगचा आणि वरचा लॉकचा. वरचा आवळताना खालचा पान्याने धरून ठेवा, नाहीतर तोही सोबत फिरतो.

यानंतर जे होतं ते फार कमी लोक सांगतात. वरचा मोठा नट आवळला की वरची टी खाली दाबली जाते आणि गोल नटालाही खाली दाबते. नट आणि दांडा यांच्या आट्यांमध्ये जी बारीक मोकळीक असते ती संपते, आणि छर्‍यांवरचा दाब वाढतो. म्हणजे मोठा नट सैल असताना जे सेटिंग अचूक वाटलं, तेच आवळल्यावर जास्त घट्ट होतं. म्हणून सेटिंग तपासायचं ते वरचा नट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कला आवळून झाल्यावर. जड वाटलं तर मोठा नट पुन्हा सैल करा, गोल नट केसभर मागे घ्या, मोठा नट परत आवळा, परत तपासा. एकदोन वेळा हे करावंच लागतं. त्यात कंटाळा करू नये, कारण बरोबर आणि चूक यांच्यातला फरक नटाच्या काही अंशांचाच असतो. पिंच बोल्ट सगळ्यात शेवटी.

खात्री कशी करायची? चाक हवेत असताना हँडल सरळ करून सोडा आणि एका बाजूला हलकासा धक्का द्या. ते स्वतःच्या वजनाने, न थांबता, टोकापर्यंत गेलं पाहिजे. दोन्ही बाजूंना सारखं. मध्येच थांबलं तर सेटिंग घट्ट आहे, आणि टोकाला गेलं पण बॉटम हलवताना बोटाला हालचाल लागली तर ढिलं आहे.

घट्ट सेटिंग हे ढिल्यापेक्षा सुरक्षित, असा एक समज आहे. तो साफ चुकीचा आहे. मोटारसायकल सरळ चालते ती पुढच्या चाकाच्या अगदी बारीक, आपोआप होणाऱ्या डाव्या-उजव्या हालचालींमुळे. बेअरिंग घट्ट असेल तर चाकाला ती हालचाल करता येत नाही. गाडी एका बाजूला कलते, आपण ती जास्तच सावरतो, मग ती दुसरीकडे जाते. गर्दीत कमी वेगात आणि घाटातल्या वळणांवर हे फार जाणवतं. वळण घेताना गाडी तुटक तुटक वळत असेल तर आधी कोनसेट किती घट्ट आहे ते बघा, टायरला नंतर दोष द्या.

खळगे पडले असतील तर बदलाच

इथे आवळणं, ग्रीस भरणं, नुसते छर्रे बदलणं यातलं काहीही उपयोगाचं नाही. नवे छर्रे जुन्या खळग्यांत बसले की चार दिवसांत जुनीच गत. वाट्या थोड्या फिरवून बसवायची एक जुनी क्लृप्तीही आहे. वाटी बाहेर काढण्याइतकी मेहनत केलीच असेल तर नवीन संच घालावा. दोन्ही वाट्या, दोन्ही कोन आणि सगळे छर्रे एकत्रच बदलायचे.

नवीन कोनसेट टाकूनही महिन्याभरात सैल झाला, ही तक्रार वारंवार ऐकू येते आणि मालाच्या दर्जावर खापर फुटतं. कधी माल कमी दर्जाचा असतोही. पण आधी बसवण्याकडे पाहा. वाटी नळीत शेवटपर्यंत गेली नसेल, किंवा खालचा कोन दांड्याच्या बुडाशी पूर्ण टेकला नसेल, तर रस्त्यावरचे धक्के उरलेलं काम करतात. वाटी केसभर आत सरकते आणि तेवढाच सैलपणा तयार होतो. म्हणून बसण्याची जागा गंज, रंगाचे पापुद्रे आणि जुनं ग्रीस काढून धातूपर्यंत स्वच्छ करा. जुनी वाटी उलट्या बाजूने लांब पंचने, आळीपाळीने समोरासमोर ठोकत काढा, म्हणजे ती तिरकी होऊन नळी ओरबाडणार नाही. नवी वाटी बसवायला लांब आट्यांचा रॉड, दोन जाड वायसर आणि नट असतील तर उत्तम. वाटी सरळ ओढली जाते. हातोडीच वापरायची असेल तर मध्ये जुनी वाटी ठेवून तिच्यावर मारा, आणि आवाज ऐका. अर्धवट वाटी पोकळ वाजते, बुडाला टेकली की आवाज भरीव होतो. खालच्या कोनाखाली आधी डस्ट सील घालायला विसरू नका. कोन पाइपने ठोकून बसवल्यावर त्याच्या खालून टॉर्चचा उजेड आरपार दिसत नाही ना, ते पाहा.

नवी वाटी नळीत हातानेच आत गेली तर तिथेच थांबा. चेसिसची जागा झिजून मोठी झाली आहे. तिथे पंचने टोचे मारून किंवा पत्र्याची पट्टी घालून काम भागवू नका. हँडलचा सगळा भार ज्यावर आहे ती ही जागा आहे. ती चांगल्या टर्नरकडूनच नीट करून घ्यावी.

छर्रे काढतानाच वरचे आणि खालचे वेगवेगळे मोजून ठेवा, कारण काही गाड्यांत त्यांची संख्या किंवा माप वेगळं असतं. वाटीत भरपूर ग्रीस लावून त्यात छर्रे चिकटवायचे. सगळे बसल्यावर एका छर्‍यापेक्षा थोडी कमी जागा मोकळी राहते आणि ती तशीच राहिली पाहिजे. ‘अजून एक मावेल’ म्हणून दामटून घातलेला छर्रा बाकीच्यांना फिरू देत नाही.

सगळं जुळवल्यावर गोल नट आधी नेहमीपेक्षा जास्त आवळा, हँडल पाच-सहा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, मग नट सैल करून वर सांगितल्याप्रमाणे नव्याने सेट करा. तरीही पहिल्या ५०० किलोमीटरच्या आसपास एकदा पुन्हा तपासणी हवीच. नवीन भाग बसताना थोडी जागा घेतात. त्या वेळचं आवळणं नैसर्गिक आहे, त्यानंतर वरचेवर लागू नये.

ग्रीस, पाणी आणि टेपर बेअरिंग

ग्रीस लिथियमचं, चाकाच्या बेअरिंगचं चालतं. पाण्याला टिकणारं मिळालं तर कोकणात किंवा समुद्राजवळ राहणाऱ्यांनी तेच वापरावं. जुनं पूर्ण पुसून नवं भरा, दोन जातींची मिसळ करू नका. उघडल्यावर ग्रीसचा रंग बघून ठेवा. दुधाळ पांढरं असेल तर पाणी शिरलंय, तांबूस असेल तर लोखंड घासलंय. वॉशिंग सेंटरवर पाण्याचा जोराचा फवारा खालच्या टीच्या बुडाशी आणि मीटरच्या खाली मारू देऊ नका. डस्ट सील उडणारा चिखल अडवायला असतं, त्या दाबाचं पाणी अडवायला नाही. पावसाळा संपला की वर सांगितलेली बोटाची तपासणी एकदा करावी.

छर्‍यांऐवजी टेपर बेअरिंग, म्हणजे निमुळत्या रोलरचं बेअरिंग, घालावं का? छर्रा वाटीला एका बिंदूपाशी टेकतो, टेपरचा रोलर पूर्ण रेषेत टेकतो. त्यामुळे भार वाटला जातो आणि खळगे पडायला खूप जास्त वेळ लागतो. ज्यांचा रोजचा रस्ता खराब आहे त्यांना मी ते सुचवेन. मात्र संच नेमक्या त्याच मॉडेलचा हवा. उंची जुळत नसेल तर वरची टी नीट बसत नाही किंवा मोठ्या नटाला आटे कमी पडतात. आणि वाटी अर्धवट बसवण्याची चूक टेपरलाही माफ नाही.

शेवटची गोष्ट वॉबलची. साठच्या आसपास वेग उतरत असताना हँडल थरथरायला लागलं की लोक लगेच कोनसेट आवळायला सांगतात. ढिला कोनसेट हे एक कारण आहेच, पण असमान झिजलेलं पुढचं टायर, कमी हवा, वाकलेली रिम आणि मागे लादलेलं जड ओझं यांनीही नेमकं हेच होतं. दुधाच्या कॅनी किंवा मोठी पेटी मागे असेल तर पुढचं चाक हलकं होतं आणि थरथर वाढते. कोनसेट घट्ट केल्याने ती दबते, दोष मात्र तसाच राहतो. चालत्या गाडीत वॉबल सुरू झाला तर हँडल दोन्ही हातांनी धरा, अॅक्सिलरेटर सावकाश सोडा आणि पुढचा ब्रेक जोरात दाबू नका. घरी आल्यावर आधी हवा आणि टायर तपासा, मग रिम फिरवून बघा, आणि हे सगळं ठीक निघालं तरच हूक पाना हातात घ्या.